डिकीतून डिकीवर

१९७३ साली जर्मनीत बीएमडब्ल्यूची ३.० सीएसएल ही नवी गाडी घेणाऱ्याला डिकी उघडल्यावर स्टेपनीच्या जोडीला आणखी एक अवजड जिन्नस सापडे. गाडीच्या मागच्या बाजूला बसवायचा भलामोठा पंख, सुट्या भागांच्या रूपात. कंपनी तो बसवून देत नव्हती, कारण जर्मनीच्या वाहतूक नियमांना रस्त्यावरच्या गाडीवर असा पंख मंजूर नव्हता. आणि द्यावा तर लागतच होता, कारण शर्यतीच्या गाडीवर जे काही बसवायचं, ते विकल्या जाणाऱ्या गाडीबरोबरही दिलेलं असलं पाहिजे, असा शर्यतीचा नियम होता. दोन नियमांच्या कात्रीतून बीएमडब्ल्यूने काढलेली ही वाट. पंख लावायचा की नाही, ते गिऱ्हाइकाने पाहावं.

सतरा वर्षांनी, मार्च १९९० मध्ये, जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजने १९० ई २.५-१६ इव्होल्यूशन टू ही गाडी मांडली. एरवी डॉक्टर-वकिलांच्या दारात उभी असणारी साधीसुधी चौकोनी सेडान. पण तिच्या चाकांवरचे कमानीसारखे भाग फुगवलेले, चाकं १७ इंची, आणि डिकीच्या दोन्ही कडांवरून उंच उठलेला, खिडकीतून मागे पाहिलं की डोळ्यांत भरणारा पंख. तो आता डिकीत नव्हता, कारखान्यातूनच डिकीवर बसून आला होता. अशा गाड्या बनल्या ५०२. पाचशे निळसर काळ्या, शेवटच्या दोन चंदेरी. किंमत सुमारे १ लाख १५ हजार मार्क. डिकीतून डिकीवर झालेला हा प्रवास म्हणजे एका नियमाची आणि त्या नियमातून जन्मलेल्या जर्मन टूरिंग कार स्पर्धेची, म्हणजे डीटीएमची, कुळकथा आहे. माझ्या मते मोटारशर्यतींच्या इतिहासात यापेक्षा गुणी नियम झालेला नाही.

नियमाचं नाव होमोलोगेशन. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या वाहन कारखान्यांत काम केलेल्या माणसाला हे नाव चांगलंच ओळखीचं असतं. नवं मॉडेल बाजारात आणण्याआधी ते पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं, तेव्हा तिथे हाच शब्द वापरला जातो. शर्यतीत त्याचा रोख वेगळा आहे. गाडी सुरक्षित आहे का, धूर किती सोडते, हे तिथे विचारलं जात नाही. ही गाडी तुम्ही खरोखर लोकांसाठी बनवली आहे का, की केवळ जिंकण्यासाठी एक-दोन नग घडवून आणले आहेत, एवढाच प्रश्न. त्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागे. १९६९ च्या एप्रिलमध्ये पोर्शेने आपल्या ९१७ या शर्यतीच्या गाडीचे २५ नग कारखान्याच्या आवारात ओळीने उभे करून निरीक्षकांना दाखवले होते, कारण त्या वर्गाची अट २५ ची होती. पण २५ गाड्या म्हणजे काही बाजार नव्हे.

१९८२ मध्ये मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 'ग्रुप ए' हा वर्ग सुरू केला आणि आकडा एकदम खऱ्या बाजारात नेऊन ठेवला. सलग बारा महिन्यांत ५,००० गाड्या बनवल्या, तरच ते मॉडेल शर्यतीला पात्र. पुढे त्यात सुधारणा करायची असेल, म्हणजे नवा पंख, रुंद चाकं, मोठा टर्बो वगैरे, तर त्या सुधारणेसह आणखी ५०० गाड्या बनवायच्या. या ५०० च्या तुकडीला 'इव्होल्यूशन' म्हणत. मर्सिडीजच्या ५०२ या आकड्याचा उगम इथे आहे.

त्या काळी जर्मनीत १९७२ पासून चालत आलेली एक राष्ट्रीय स्पर्धा होती. तिचा पहिला विजेता फोर्ड काप्री चालवणारा हान्स-योआखिम श्टुक. पुढे तिथल्या गाड्या इतक्या महाग आणि इतक्या रानटी झाल्या, की रस्त्यावरच्या गाडीशी त्यांचं नातं छताच्या आकारापुरतं उरलं. प्रेक्षकाला आपली गाडी त्यात दिसेनाशी झाली. म्हणून १९८४ मध्ये ग्रुप ए च्या गाड्या घेऊन वेगळी स्पर्धा सुरू झाली. तिचं पहिलं नाव साधं होतं, 'जर्मन उत्पादित गाड्यांची अजिंक्यपद स्पर्धा'. डीटीएम हे नाव दोन वर्षांनी आलं.

हा पहिला हंगाम मला फार आवडतो. जर्मन स्पर्धेची पहिली शर्यत झाली बेल्जियममधल्या झोल्डरला, मार्च १९८४ मध्ये, आणि ती बीएमडब्ल्यू ६३५ सीएसआय घेऊन हाराल्ड ग्रोसने जिंकली. मैदानात काय काय होतं! सहा सिलिंडरच्या लांबलचक बीएमडब्ल्यू, इंग्लंडच्या रोव्हर, आणि त्यांच्या पुढ्यात चिमुकल्या गाड्या. बरोबरी साधण्यासाठी वजनं कमी-जास्त केली जात. त्या दशकात ही स्पर्धा बर्लिनच्या आवुसला, म्हणजे चक्क एका मोटाररस्त्यावर चाले, तशीच वुन्स्टॉर्फ आणि डीपहोल्त्सच्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवरही चाले. गवताच्या पेंढ्या आणि टायरांचे ढीग रचून वळणं तयार करायची आणि शर्यत लावायची. वर्षअखेर विजेता ठरला फोल्कर स्ट्रिचेक, आणि त्याने वर्षभरात एकही शर्यत जिंकली नव्हती. दर वेळी पुढच्या काही जागांत येऊन त्याने गुण साठवले, आणि तेवढ्यावर अजिंक्यपद मिळवलं. १९८७ मध्ये एरिक व्हान दे पूलनेही बीएमडब्ल्यू एम३ घेऊन नेमकं हेच केलं. दरम्यानच्या दोन वर्षांत पेर स्टूरेसनची व्हॉल्व्हो आणि कुर्ट थीमची रोव्हर विजेती ठरली. शेजाऱ्याच्या अंगणातली डब्यासारखी चौकोनी व्हॉल्व्हो जर्मनीची विजेती होऊ शकते, ही गोष्टच लोकांना मैदानाकडे खेचणारी होती.

आता मोठ्या कंपन्यांनी नियमपुस्तक उघडून गाडी आखायला सुरुवात केली. आधी गाडी आणि मग शर्यत हा क्रम उलटला. बीएमडब्ल्यूचे प्रमुख एबरहार्ड फॉन क्युनहाइम यांनी इंजिन विभागाच्या पाउल रोशे यांना लहान ३ सिरीजसाठी एक जोरकस इंजिन करायला सांगितलं. रोशे म्हणजे ज्यांच्या टर्बो इंजिनावर नेल्सन पिके १९८३ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता झाला, ते गृहस्थ. त्यांनी नवं इंजिन कागदावर रेखाटत वेळ घालवला नाही. हाताशी सहा सिलिंडरच्या इंजिनाचं उत्तम हेड होतं, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असलेलं. त्याच्या टोकाची दोन सिलिंडरांची जागा करवतीने कापून काढली, उघड्या पडलेल्या बाजूवर पत्रा जोडून ती बंद केली, आणि उरलेलं चार सिलिंडरचं हेड आपल्या जुन्या भरवशाच्या लोखंडी ब्लॉकवर बसवलं. दोन आठवड्यांत नमुना तयार. त्यातून १९८५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात एम३ उभी राहिली.

एम३ साध्या ३ सिरीजसारखी दिसते, पण जवळून पाहिलं तर बाहेरच्या पत्र्यांपैकी बॉनेट आणि छत सोडल्यास फारसं काही सारखं नाही. मागची काच थोडी जास्त कलती केली आहे, डिकीचं झाकण उंच घेतलं आहे. हे दिसण्यासाठी नव्हतं. सेडानचं छत मागे उतरत जातं, वरून आलेली हवा काचेपाशी पत्रा सोडते, तिथे भोवरे तयार होतात आणि वेगात मागची बाजू उचलली जाते. दोनशेच्या वेगाने वळणात शिरताना मागचे टायर हलके पडले, की गाडी गेलीच. काच कलती केली तर हवा पत्र्याला जास्त वेळ चिकटून राहते आणि उंच डिकीवरच्या पंखापर्यंत नीट पोचते. हा पंख विमानाच्या पंखाच्या उलट काम करतो, गाडीला खाली दाबतो. शर्यतीच्या अभियंत्याला हे हवं होतं, आणि नियम म्हणत होता की मग ५,००० गिऱ्हाइकांनाही द्या. ते दिलं गेलं.

फोर्डने या नियमाचा सर्वांत धिटाईचा उपयोग केला असं मला वाटतं. १९८७ मध्ये त्यांनी सिएरा कॉसवर्थची आरएस५०० ही ५०० नगांची आवृत्ती काढली. तिच्या इंजिनावर इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांचा दुसरा संच आणि त्याची नळी बसवलेली होती. पण गिऱ्हाइकाच्या गाडीत हा संच जोडलेलाच नसे. चार इंजेक्टर नुसते बसून राहत. त्यांचं खरं काम शर्यतीत, जिथे तेच इंजिन रस्त्यावरच्या दुपटीहून जास्त ताकद देई आणि इंधनाची तहान पहिल्या संचाने भागत नसे. १९८८ चं अजिंक्यपद क्लाउस लुडविगने सिएरावरच मिळवलं. त्यानंतर टर्बो गाड्यांवर आधी चाप आणि मग बंदी आली.

मर्सिडीजची वाट वळणाची होती. १९० ई साठी सोळा व्हॉल्व्हचं हेड त्यांनी इंग्लंडच्या कॉसवर्थकडून करून घेतलं होतं, ते रॅलीच्या विचाराने. पण तोवर चारही चाकं ओढणाऱ्या आउडी क्वाट्रोने रॅलीत मागच्या चाकांवर धावणाऱ्या गाड्यांचं काही चालू दिलं नाही, आणि ही गाडी सर्किटकडे वळली. ऑगस्ट १९८३ मध्ये इटलीतल्या नार्दोच्या गोल ट्रॅकवर तिने ५०,००० किलोमीटर ताशी सरासरी जवळपास २४८ किलोमीटरने कापले. मे १९८४ मध्ये न्युर्बुर्गरिंगच्या नव्या सर्किटचं उद्‌घाटन याच गाड्यांच्या शर्यतीने झालं. सगळ्यांना सारखी गाडी, समोर निकी लाउडासारखे दिग्गज, आणि पहिला आला फॉर्म्युला वनमध्ये नवखा असलेला आयर्टन सेना.

१९८९ ची पहिली इव्होल्यूशन आली, तीही ५०२ नगांची. तिच्या इंजिनात पिस्टन रुंद आणि त्याचा फेरा आखूड केला होता, म्हणजे शर्यतीत इंजिन जास्त फिरवता यावं. रस्त्यावर मात्र ताकद जवळपास साध्या २.५-१६ एवढीच. फायदा शर्यतीत धावणाऱ्याचा, पैसे गिऱ्हाइकाचे. तरी लोकांनी ती घेतली, आणि यात फसवणूक कसलीच नव्हती. गिऱ्हाइकाला ठाऊक होतं की रविवारी टीव्हीवर जी गाडी दिसणार, तिच्या जन्मासाठी आपली गाडी लागते.

पुढच्या वर्षीच्या इव्होल्यूशन टू च्या पंखामागे श्टुटगार्ट विद्यापीठाचे वायुगतिशास्त्रज्ञ प्राध्यापक रिचर्ड एपलर होते. पंख इतका उंच का, तर काचेमागच्या भोवऱ्यांच्या वर, स्वच्छ हवेत तो यावा म्हणून. मागच्या काचेच्या वरच्या कडेला एक छोटी पट्टी आहे, ती हवेला पंखाकडे वळवते. पंखाचा वरचा पाता कमी-जास्त कलता करता येतो, पुढच्या बंपरखालची पट्टी बाहेर ओढता येते. गाडीची जमिनीपासूनची उंचीही चालकाला बटणाने बदलता येते. या प्रत्येक गोष्टीला सर्किटवर कारण होतं. बाजारहाटाला त्यांचा उपयोग शून्य.

१९९० आणि १९९१ मात्र आउडीने नेली. श्टुक, तोच १९७२ चा पहिला विजेता, आउडी व्ही८ या आडदांड सेडानवर अजिंक्य ठरला, पुढच्या वर्षी फ्रांक बीला. मग आला १९९२ चा हंगाम. आउडीने आपल्या व्ही८ च्या क्रँकशाफ्टचे कोन बदलले होते. रस्त्यावरच्या इंजिनाचा क्रँक ९० अंशांचा, शर्यतीतला १८० अंशांचा. आउडीचं म्हणणं, मूळ कारखान्याच्याच भागावर आम्ही काम केलं आहे. विरोधकांचं म्हणणं, हा तो भागच राहिलेला नाही. निर्णय आउडीच्या विरोधात गेला आणि आउडी हंगाम अर्धा टाकून निघून गेली. इंजिनाच्या पोटातला, प्रेक्षकाला कधीही न दिसणारा तो भाग गिऱ्हाइकाच्या गाडीत तसाच आहे का, या एका प्रश्नावर गतविजेत्याला घरी जावं लागलं. मला हा निर्णय कठोर वाटतो, आणि बरोबरही वाटतो.

त्या वर्षीच्या २४ शर्यतींपैकी १६ मर्सिडीजने जिंकल्या. लुडविग, थीम आणि बर्न्ड श्नायडर, पहिले तिघेही मर्सिडीजचे. मे महिन्यात होकेनहाइमला एलेन लोरने शर्यत जिंकली. डीटीएमची शर्यत जिंकणारी ती आजवरची एकमेव स्त्री. फॉर्म्युला वनचा माजी विश्वविजेता केके रोसबर्ग त्या हंगामात तिच्याच कंपनीची गाडी चालवत होता.

१९९३ मध्ये नियम बदलले. मूळ मॉडेल मोठ्या संख्येने विकलेलं असणं पुरेसं झालं, आत काय घालायचं ते बरंचसं खुलं. अल्फा रोमिओने १५५ नावाच्या साध्या कौटुंबिक गाडीच्या कवचात चारही चाकं फिरवणारं यंत्र बसवून आणलं आणि निकोला लारिनीने जर्मनांना त्यांच्याच घरी हरवलं. गाड्या वेगवान होत्या, देखण्याही होत्या. पण ५०० गिऱ्हाइकांना विकायची अट गेली, तसा खर्चावरचा लगामही सुटला. एखादी युक्ती ५०० वेळा बनवून विकावी लागणार म्हटल्यावर कंपनी हिशेब करते. ती फक्त दोन-चार गाड्यांत घालायची असेल तर हिशेब कोण करणार? १९९६ पर्यंत इलेक्ट्रॉनिक्स आणि हायड्रॉलिक्सने भरलेल्या या गाड्या जपान आणि ब्राझीलपर्यंत जाऊन धावल्या. मान्युएल रॉयटरने ओपेल कालिब्रावर अजिंक्यपद मिळवलं, आणि त्याच वर्षाअखेर ओपेल आणि अल्फा बाहेर पडल्या. एकट्या मर्सिडीजने कोणाशी धावायचं? स्पर्धा बंद पडली.

२००० मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मर्सिडीजच्या सीएलकेच्या आकाराच्या कवचाखाली नळ्यांचा सांगाडा आणि व्ही८ इंजिन होतं. २०२१ पासून तिथे जीटी३ वर्गाच्या गाड्या धावतात. त्या कंपन्या शर्यतीच्या संघांना थेट शर्यतीसाठीच बनवून विकतात, आणि त्यांच्यावरचा पंख शोरूममधल्या गाडीवरही असला पाहिजे, अशी अट तिथे नाही.