दूरदर्शनवरील ‘द जंगल बुक’, स्मरणरंजन आणि माळरानावरचा लांडगा

प्रास्ताविक

भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासात पौराणिक मालिका, बातमीपत्रे, कृषिविषयक कार्यक्रम आणि जाहिराती यांचा अभ्यास बराच झाला आहे. त्या मानाने बालकांसाठीच्या कार्यक्रमांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वास्तविक, १९८० च्या दशकात जन्मलेल्या पिढीच्या सामूहिक स्मृतीत ज्या मालिकेचे स्थान आजही अढळ आहे, ती म्हणजे १९९३ मध्ये दूरदर्शनवरून रविवारी सकाळी प्रसारित होऊ लागलेली ‘द जंगल बुक’ ही होय. मोगली, बल्लू, बगीरा, अकेला, शेरखान ही नावे या पिढीला शाळासोबत्यांच्या नावांइतकीच परिचित आहेत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखविली. तेव्हा मुलांना पडद्यासमोर बसविणारे पालक स्वतःच त्यात अधिक रंगले, यात आश्चर्य नव्हते.

प्रस्तुत लेखात त्या मालिकेच्या गुणदोषांची चर्चा अभिप्रेत नाही. बारामती व इंदापूर तालुक्यांच्या जिरायत पट्ट्यात लांडगा हा प्राणी प्रत्यक्ष नांदतो. असे असताना तेथील स्मरणरंजनात पडद्यावरचा लांडगा मायेने जपला जातो आणि माळावरचा मात्र त्यात आढळत नाही. हे कसे घडले, एवढाच येथे प्रश्न आहे.

पिंजऱ्यातील प्राणी आणि पडद्यावरील प्राणी

पाश्चात्त्य देशांत प्राण्यांविषयीच्या बालमालिकांचा उगमच प्राणिसंग्रहालयात झाला. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातून मार्लिन पर्किन्स सादर करीत असलेला ‘झू परेड’ हा कार्यक्रम १९५० ते १९५७ या काळात अमेरिकाभर पाहिला गेला. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या ‘ॲनिमल मॅजिक’ने १९६२ ते १९८३ अशी दोन दशके गाजविली. त्यात जॉनी मॉरिस हे ब्रिस्टल येथील प्राणिसंग्रहालयाच्या रक्षकाच्या वेशात वावरत आणि प्राण्यांच्या तोंडी स्वतःच्या आवाजात संवाद घालीत. ते प्राणिसंग्रहालय सप्टेंबर २०२२ मध्ये मूळ जागेवरून कायमचे बंद झाले. अशा मालिकांच्या आठवणींना आधार असतो तो एका ठरावीक जागेचा. ती जागा गेली की मालिकेची आठवण अधिकच गहिरी होते.

मराठी मुलांच्या बाबतीत या दोन गोष्टी निरनिराळ्या वाटांनी आल्या. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि ‘किलबिल’सारखा बालकांचा कार्यक्रम तेथून प्रसारित होत असे, परंतु प्राणिसंग्रहालयाला वाहिलेली, वर्षानुवर्षे चालणारी मालिका मराठीत रुजली नाही. प्राणी पाहायचे ते सहलीला जाऊन. बारामतीकडील मुलांसाठी अशी सहल म्हणजे पुण्याचे पेशवे पार्क. पुणे महानगरपालिकेने १९५३ मध्ये हे उद्यान उभारले. १९५६ पासून तेथे धावू लागलेली ‘फुलराणी’ ही लहान आगगाडी प्राण्यांइतकीच लोकप्रिय ठरली. पुढे कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये खुले झाले आणि २००५ मध्ये पेशवे पार्कातील प्राणिसंग्रहालय बंद करण्यात आले.

उद्यानाच्या नावात ‘पेशवे’ हा शब्द आहे, त्याला ऐतिहासिक आधार आहे. पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. १७७४ मध्ये पुरंदर किल्ल्यावर जन्मलेल्या आणि तान्हेपणीच पेशवाईची वस्त्रे लाभलेल्या या पेशव्याला प्राण्यांची विलक्षण आवड होती. ब्रिटिश रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र रेखाटले. ते चित्र आजही उपलब्ध आहे. दख्खनच्या पठारावर गेंडा नाही. तो दुरून आणलेला. दुर्मीळ आणि परमुलखातला प्राणी पाहण्यासारखा, तर शिवारातला प्राणी त्या लायकीचा नव्हे, ही दृष्टी तेव्हापासूनच आढळते, असे म्हणण्यास जागा आहे.

रविवार सकाळची मालिका

‘द जंगल बुक’ ही मूळची जपानी मालिका. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने तयार केलेले तिचे ५२ भाग १९८९–९० मध्ये जपानमध्ये दाखविले गेले. हिंदी रूपांतरासाठी गुलजार यांनी शीर्षकगीत लिहिले, विशाल भारद्वाज यांनी ते संगीतबद्ध केले आणि शेरखानला नाना पाटेकर यांनी आवाज दिला. मालिकेच्या लोकप्रियतेचे श्रेय या तिघांना मोठ्या प्रमाणात द्यावे लागते. किपलिंगचे पुस्तक ज्यांनी कधी हातात घेतले नाही, त्यांनाही ते गीत तोंडपाठ होते. मराठी घरातील अनेक मुलांची हिंदीशी पहिली सलगी पाठ्यपुस्तकापेक्षा या मालिकेतून झाली.

काळही लक्षात घेण्यासारखा आहे. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी हा उपग्रह अवकाशात गेल्यानंतर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरले आणि तालुक्याच्या गावांपर्यंत चित्र पोहोचले. दुसरीकडे ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाला आणि १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले. म्हणजे ‘द जंगल बुक’ ही एकाच वाहिनीवर सारा देश एकत्र असण्याच्या काळातील जवळजवळ अखेरची बालमालिका. ज्यांच्या घरी संच नव्हता ती मुले शेजारच्या ओट्यावर बसत. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी जोडून कृष्णधवल संच चालविणारी घरेही होती. स्मरणरंजनाचा विषय मालिकेइतकाच हा एकत्र बसण्याचा प्रसंगही असतो, हे विसरून चालणार नाही.

मालिकेतील जंगल मात्र कोणत्याही एका ठिकाणचे नव्हते. किपलिंगच्या कथा मध्य प्रदेशातील सिवनीच्या परिसरात घडतात. जपानी रूपांतरात मोगलीच्या सोबतीला किची नावाचा तांबडा पांडा आहे. हा प्राणी हिमालयातला. सिवनीच्या सागवानी रानात त्याचे काय काम? परंतु निरनिराळ्या मुलखांतील प्राणी एका कुंपणात आणणे हाच तर प्राणिसंग्रहालयाचा नियम. त्या अर्थाने मराठी मुलांना रविवारी घरबसल्या प्राणिसंग्रहालयच मिळाले, फक्त त्याला गज नव्हते.

किपलिंग, बक्षिसे आणि लांडगा

रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ मध्ये मुंबईत झाला. त्याचे वडील तेथील जे. जे. कला महाविद्यालयात अध्यापक होते. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्याने अमेरिकेतील व्हरमाँट येथे राहून लिहिले. पुस्तकात लांडग्यांचा कळप मानवी बालकाला दूध पाजतो, न्यायसभा भरवितो, कायदा पाळतो. नेमक्या त्याच काळात हिंदुस्थानातील इंग्रज सरकार लांडगा मारणाऱ्यास रोख बक्षीस देत होते. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींच्या आधारे दाखविले आहे की, १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत बक्षिसासाठी ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे आणि सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. या आकड्यांत सर्वांत मोठा वाटा लांडग्याचा आहे, ही बाब वाघाभोवती फिरणाऱ्या आपल्या चर्चेत सहसा येत नाही.

पुस्तकातील लांडगा पुढे एका वेगळ्याच वाटेने शाळेत पोहोचला. बेडन-पॉवेल याने १९१६ मध्ये लहान मुलांची स्काउट पथके किपलिंगच्या कथेवर बेतली. आपल्याकडील ‘कब’ पथक आणि त्याचा ‘अकेला’ हे त्याचेच अवशेष. मराठी भाषेने मात्र लांडग्याला कधी माया दाखविली नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही शाळेतली गोष्ट, ‘लांडगेतोड’ हा शब्द, ‘लबाड’ हे त्याला चिकटलेले विशेषण, ही सर्व भाषा मेंढरे राखणाऱ्यांच्या अनुभवातून आलेली आहे. तिला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल. ज्याचे कोकरू रात्रीत जाते, त्याला लांडग्याच्या न्यायसभेचे कौतुक सांगता येत नाही. तरीही हे ध्यानात ठेवावे लागते की, धनगर वाड्यावरील मुलगा रविवारी अकेल्याच्या बाजूने असे आणि सोमवारी मेंढरांच्या बाजूने. या दोन्ही निष्ठा त्याच्या मनात एकमेकींना न भेटता राहिल्या.

माळरानाची स्थिती

सोमेश्वरनगरचा परिसर नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा आहे. ऊस, सहकारी साखर कारखाना, शिक्षणसंस्था हा त्याचा सर्वपरिचित चेहरा. पण मोरगाव–सुपे भागात आणि इंदापूरच्या पश्चिमेस पर्जन्यछायेतील उघडे माळ आहेत. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस यांचे हे घर. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर असून तेथील मुख्य प्राणी चिंकारा आहे. ‘द जंगल बुक’च्या पहिल्या प्रक्षेपणानंतर चारच वर्षांनी झालेली ही घटना; तरी मालिकेच्या आठवणी निघतात तेथे तिचा उल्लेख होत नाही.

याचे कारण केवळ उदासीनता नव्हे. माळाला ‘जंगल’ हा शब्दच लागू होत नाही. महसुली भाषेत तो ‘पडीक’, बोलीत ‘ओसाड’. झाडे नाहीत म्हणून तेथे काही नाही, अशी समजूत इंग्रजी अमलातील जमीन-वर्गवारीने पक्की केली आणि स्वातंत्र्यानंतरच्या वनीकरणाने ती पुढे चालविली. गवताळ माळावर गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली गेली, विहिरी व उपसा सिंचनाबरोबर शेती सरकत गेली, रस्ते व औद्योगिक वसाहती आल्या. मालिकेने दाखविलेल्या जंगलात वेली होत्या, धबधबे होते, दाट सावली होती. ती प्रतिमा डोळ्यांत घेऊन सुप्याचा माळ पाहिला तर तेथे जंगल दिसत नाही, आणि जंगल नाही तर अकेलाही नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लांडग्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. बारामतीतील शिर्सुफळ आणि इंदापुरातील कडबनवाडी येथे वनविभागाने गवताळ सफारी सुरू केल्यामुळे वाहनातून माळ पाहण्यास येणारे पर्यटक आता दिसतात. त्यात आपल्या मुलांना घेऊन येणारे पालक बहुधा त्याच रविवार सकाळच्या पिढीतले असतात. चिंकारा त्यांना सहज दिसतो. लांडगा दिसण्यासाठी उन्हे कलेपर्यंत थांबावे लागते, आणि दिसलाच तर तो गवताच्याच रंगाचा, बारीक अंगाचा, माणसाकडे क्षणभर पाहून निघून जाणारा प्राणी असतो. त्याच माळाच्या दुसऱ्या टोकाला त्याच वेळी धनगराची मेंढरे वाड्याकडे परतत असतात.