परमुलखी नेलेला लिंबाचा रस

पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातून जे शिपाई समुद्रापार गेले, त्यांच्या शौर्याच्या कथा गावोगावी सांगितल्या जातात. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यात मोडत. १९४९ साली ते दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेले आणि १९६० साली त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. साताऱ्यानजीकच्या अपशिंगे या एकट्या गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामास आले. शिपायाबरोबर बंदूक गेली, शिधा गेला, तसे औषधही गेले. त्या औषधाची हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही.

१९१४ च्या नोव्हेंबरात इराकच्या किनाऱ्यावर सहावी पुणे डिव्हिजन उतरू लागली. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वर्षभर ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे सरकत राहिली. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफोन येथे तिला माघार घ्यावी लागली आणि ती कूट या गावी येऊन थांबली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा दिला. तो जवळजवळ पाच महिने चालला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सेनापती टाउनशेंड याने शरणागती पत्करली.

या वेढ्यात एक विलक्षण गोष्ट वैद्यकखात्याचे प्रमुख कर्नल हेहिर यांच्या नजरेस आली. गाव एक, वेढा एक. पण गोऱ्या व हिंदी शिपायांचे रोग निरनिराळे. गोरे शिपाई पांढऱ्या पिठाचा पाव खात, त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी शिपाई कोंड्यासकट दळलेली कणीक खात, ते त्यातून वाचले. पुढे पांढरे पीठ संपले, गोऱ्यांच्या ताटातही कणीक आली आणि त्यांचा बेरीबेरी हटला. उलट हिंदी शिपायांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजून रक्त वाहू लागे, दात हलत, पायांत ठणका लागे, भरत आलेल्या जखमा पुन्हा उघडत. गोरे शिपाई घोड्याचे ताजे मांस खात म्हणून या रोगापासून बचावले. हिंदी शिपायांना ते निषिद्ध वाटे. धर्मगुरूंची अनुज्ञा हिंदुस्थानातून बिनतारी संदेशाने मागविण्यात आली, तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत त्याला हात लावला नाही.

टाउनशेंडने याचा दोष शिपायांच्या सोवळेपणावर ठेवला. तो सर्वस्वी न्याय्य म्हणता येत नाही. कारण वेढ्याबाहेर, जेथे रसद पोहोचत होती, तेथेही १९१६ च्या उत्तरार्धात सुमारे अकरा हजार हिंदी शिपाई स्कर्व्हीने आजारी पडले. आणि स्कर्व्हीवरचे सरकारमान्य औषध, बाटलीतील लिंबाचा रस, त्यांना दिले जात होते.

या औषधाची कुळकथा जुनी आहे. १७४७ साली जेम्स लिंड याने स्कर्व्ही झालेल्या खलाशांना संत्री व लिंबे देऊन रोग हटविला. १७९५ पासून ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळू लागला. ते लिंबू भूमध्यसमुद्राकडचे, मोठे, जाड सालीचे. एकोणिसाव्या शतकात त्याऐवजी वेस्ट इंडीज बेटांतील लहान, हिरवे लिंबू आले. ते आपल्या कागदी लिंबाच्या जातीचे. बाटलीवरचा विश्वास तेवढाच राहिला. १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या नेअर्सच्या मोहिमेत असा रस असूनही स्कर्व्ही झाला, तरी डोळे उघडले नाहीत.

ते उघडले लंडनच्या लिस्टर संस्थेत. महायुद्धाच्या अखेरच्या काळात हॅरिएट चिक व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गिनी पिग या प्राण्यांवर प्रयोग केले. लहान लिंबाच्या ताज्या रसात मोठ्या लिंबाच्या मानाने रोगनिवारक शक्ती सुमारे चौथाई, आणि टिकवून ठेवलेल्या रसात जवळजवळ नाहीच, असे त्यांना आढळले. सातारच्या शिपायाने परमुलखी घेतलेला डोस म्हणजे बव्हंशी आंबट पाणी होते! ती शक्ती म्हणजे 'क' जीवनसत्त्व, हे ठरावयास १९३२ साल उजाडले.

याच स्त्रियांनी दुसरा उपाय सुचविला. कोरड्या कडधान्यात हा गुण नसतो. ते भिजवून मोड आणले की तो उत्पन्न होतो. नॉर्वेत फ्युर्स्ट याने १९१२ सालीच हे दाखविले होते. सालोनिका आघाडीवर डॉक्टर विल्टशायर यांनी सर्बियन रुग्णांवर लिंबाच्या रसाशी तुलना करून पाहिली, तेव्हा मोड आलेले धान्य त्यास हार गेले नाही. चिक यांची कृती अशी: धान्य दिवसभर भिजवावे, निथळून ओल्या पोत्यात ठेवावे, मोड दिसताच शिजवावे, पण फार वेळ नव्हे.

ही कृती तासगावच्या अथवा वाळव्याच्या कोणत्याही गृहिणीने न वाचता सांगितली असती. मटकी रात्री भिजत घालावी, सकाळी फडक्यात बांधावी, आणि उसळीस हाताशी घ्यावी, हा तिचा नित्याचा परिपाठ. तिच्या मुलास तो ठाऊक नव्हता असे नव्हे. परंतु चिक यांच्या सूचनेत एक अट होती: धान्य अखंड, सालीसकट असावे. हिंदी शिपायाच्या सरकारी शिध्यात होती ती डाळ, म्हणजे भरडून दोन फाका केलेले कडधान्य. डाळीला मोड येत नाही.