तळटीप : अड्यारच्या मुखाशी समुद्रघोडा

खाडीचे पाणी सोसणारा प्राणी घरच्या काचपेटीतही तगेल, हा मूळ लेखकाचा तर्क अर्धाच खरा आहे. हिप्पोकॅम्पस कुडा ही समुद्रघोड्याची जात समुद्रगवतात, तिवरांच्या मुळांशी, नदीमुखांच्या मचूळ पाण्यात राहते आणि क्षारतेतले चढउतार बऱ्यापैकी सोसते. पण पाणी सोसणे वेगळे आणि पोट भरणे वेगळे. समुद्रघोड्याला दात नाहीत, जठरही नाही. शेपटीने काडीला विळखा घालून तो थांबतो, बारीक जिवंत कोळंबीसारखे जीव टप्प्यात आले की नळीसारख्या तोंडाने झटक्यात ओढून घेतो. अन्न पोटात टिकत नसल्याने त्याला दिवसभर खात राहावे लागते. पेटीतले चपळ मासे त्याचा घास आधीच पळवतात.

पैदास केंद्रातले समुद्रघोडे गोठवलेले अन्न खातात, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, पण ती सवय टाकीत जन्मलेल्या पिलांना लावलेली असते. जाळ्यातून आलेल्या नराला ती नसते, आणि त्याच्या पिशवीत अंडी असतील तर त्याच्यासोबत अख्खी वीण जाते. म्हणूनच २००१ साली समुद्रघोड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले, हे मला योग्यच वाटते. अड्यार नदीचे मुख वाळूने बुजते, सांडपाणी तुंबते, मग पेटीच सुरक्षित, असेही कोणी म्हणेल. मात्र पेटीत एखादा जीव फार तर काही दिवस जगेल. मुख मोकळे राहून भरती आत आली, तरच त्याचे खाद्य आणि आसरा दोन्ही टिकतील.