ठाणे-कल्याण परिसर आणि कायद्याचे परदेशी स्रोत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कायद्याचा अंमल राज्याच्या सीमेत चालतो. त्याचे स्रोत मात्र अनेकदा सीमेपलीकडचे असतात. प्रस्तुत लेखात ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात या स्रोतांचा आणि वारसाहक्कावरील त्यांच्या परिणामाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगिजांना दिला आणि साष्टीतील ठाणे त्यांच्या अमलाखाली गेले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकले. कल्याण १६५७ मध्येच शिवाजी महाराजांनी स्वराज्यात आणले होते. पेशवाईच्या अस्तानंतर या साऱ्या मुलखावर इंग्रजी अंमल स्थिरावला. मुंबई सरकारच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायनिवाड्याचा क्रम ठरविला : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी रेग्युलेशने, नंतर देशरिवाज, त्यानंतर प्रतिवादीचा कायदा आणि अखेरीस न्याय, समदृष्टी व सद्विवेक. १८८७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने या अखेरच्या तत्त्वाचा अर्थ, येथील समाजास लागू पडतील असे इंग्रजी कायद्याचे नियम, असा लावला. अशा रीतीने रिवाजाच्या पोकळीत इंग्रजी कायदा शिरला.

पोर्तुगीज संहितेचा प्रश्न :
पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात अमलात आली. तीवर फ्रान्सच्या १८०४ च्या नेपोलियन संहितेचा प्रभाव होता. ठाणे तत्पूर्वी १३३ वर्षे आधीच पोर्तुगिजांच्या हातून गेल्याने ही संहिता तेथे कधीच आली नाही. तथापि ती आता वेगळ्या वाटेने या परिसरास स्पर्श करते. गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या भारतात कोठेही असलेल्या मिळकतीचा वारसा याच संहितेनुसार ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मुंबईतील एका मिळकतीच्या प्रकरणी दिला. संसदेने १९६२ च्या अधिनियमाने ती चालू ठेवली असल्याने ती भारतीय कायदाच होय, अशी न्यायालयाची भूमिका होती. गोव्याच्या २०१२ च्या अधिनियमाने वारसाविषयक तरतुदींची जागा घेतली, तरी वंशजांसाठी निम्मा हिस्सा राखण्याचे तत्त्व टिकले. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाखाली मात्र स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राने कोणासही देता येते. त्यामुळे डोंबिवलीतील एकाच इमारतीतील दोन सदनिकांचा वारसा भिन्न नियमांनी ठरू शकतो आणि मुलाला घराबाहेर ठेवता येईल की नाही, हे मालकाच्या अधिवासावर अवलंबून राहते.

समारोप :
खुद्द पोर्तुगालने १९६७ पासून नवी संहिता स्वीकारली. जुनी मात्र गोव्यात उरली. यावरून कायद्याचा उगम आणि त्याचे अधिष्ठान या दोन भिन्न बाबी आहेत, हे स्पष्ट होते. उगम परदेशी असला तरी बंधनकारकता येथील विधिमंडळाच्या संमतीतून येते. हा भेद लक्षात घेतल्याखेरीज या परिसराचा कायदेशीर इतिहास उलगडणार नाही.