टोमण्याची कुळकथा : 'पोलिटिकली करेक्ट'

'पोलिटिकली करेक्ट' हा इंग्रजी शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत आता देवनागरीत जसाच्या तसा छापला जातो. 'राजकीयदृष्ट्या योग्य' हे त्याचे भाषांतर व्याकरणाला धरून आहे, पण मुळातला टोमणा त्यात उतरत नाही. ज्याला पोलिटिकली करेक्ट म्हणायचे तो राजकारणात बरोबर आहे असे बोलणाऱ्याला म्हणायचेच नसते. कुणाला काय लागेल याचा हिशेब करून तो तोंड उघडतो आणि इतरांनीही तसाच हिशेब करावा असा आग्रह धरतो, एवढे त्याला सुचवायचे असते. आज हा शब्द सर्वाधिक ऐकू येतो तो अमेरिकेतील परंपरावाद्यांच्या तोंडून. (त्यांच्यासाठी मराठीत रूढ असलेला 'पुराणमतवादी' हा शब्द स्वतःच एक टोमणा आहे.) त्यामुळे तो त्यांनीच घडवला असा समज आहे. प्रत्यक्षात तो डाव्यांच्या घरात वाढला, तिथेच थट्टेचा विषय झाला आणि चांगला थोराड झाल्यावर उजव्यांकडे दत्तक गेला.

छापील नोंदींत त्याचा एक फार जुना वापर सापडतो तो १७९३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात. रॉबर्ट फार्कर या व्यापाऱ्याने स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात जॉर्जिया राज्याला माल पुरवला होता आणि त्याचे पैसे थकले होते. त्याच्या मृत्यूनंतर मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या चिझम याने थेट राज्यावरच दावा लावला. साध्या नागरिकाला राज्याला कोर्टात खेचता येते का, हा वादाचा मुद्दा होता. येते, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांनी आपल्या निकालपत्रात मेजवानीचे उदाहरण दिले. लोक 'युनायटेड स्टेट्स'च्या नावाने पेला उंचावतात. खरे तर तो 'युनायटेड स्टेट्सच्या जनते'च्या नावाने उंचावायला हवा, कारण सार्वभौम आहे ती जनता. म्हणून पहिले म्हणणे पोलिटिकली करेक्ट नव्हे. इथे शब्दाला कसलीही धार नाही. राज्यशास्त्राच्या दृष्टीने अचूक, एवढाच अर्थ. मराठी भाषांतर चपखल बसते ते या एकाच ठिकाणी. दोन वर्षांत अकरावी घटनादुरुस्ती झाली, निकाल निष्प्रभ ठरला आणि विल्सन यांचा शब्दही विसरला गेला.

धार आली ती विसाव्या शतकातील कम्युनिस्ट चळवळीत. पक्षाची लाइन बरोबर असते आणि सभासदाने ती पाळायची असते, ही तिथली शिस्त. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांत अनाक्रमणाचा करार झाला, तेव्हा कालपर्यंत फॅसिझमविरुद्ध सभा घेणाऱ्या अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाने युद्धात न पडण्याचा प्रचार सुरू केला. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला करताच तोच पक्ष युद्धाच्या बाजूने उभा राहिला. दोन्ही वेळा लाइन बरोबरच होती. शिक्षणतज्ज्ञ हर्बर्ट कोल यांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या आठवणींनुसार १९५० च्या आसपासच्या वादांत समाजवादी मंडळी कम्युनिस्टांना 'पोलिटिकली करेक्ट' म्हणून चिडवत. ज्याची माणुसकी पक्षाच्या परिपत्रकाप्रमाणे बदलते तो, असा त्याचा भावार्थ. म्हणजे पहिला टोमणा एका डाव्याने दुसऱ्या डाव्याला मारला.

१९६० च्या दशकातील तरुण डाव्यांना मॉस्कोचे आकर्षण उरले नव्हते; त्यांच्या हातात माओचे लाल पुस्तक होते. माओच्या भाषणांच्या इंग्रजी भाषांतरांत 'करेक्ट' हा शब्द पावलोपावली येतो. विचार करेक्ट, मार्ग करेक्ट, अंतर्विरोधांची हाताळणीही करेक्ट. शब्द पुन्हा गांभीर्याने वापरला जाऊ लागला. लेखिका टोनी केड बम्बारा यांनी 'द ब्लॅक वुमन' या १९७० च्या संकलनात, बायकांवर सत्ता गाजवणाऱ्या पुरुषाला स्वतःला पोलिटिकली करेक्ट म्हणवून घेता येणार नाही, असे बजावले. हा वापर सरळ होता. पण चळवळीत फार काळ गंभीर राहणे कुणालाच जमत नाही. सत्तरच्या दशकात कार्यकर्ते एकमेकांची, आणि बऱ्याचदा स्वतःचीच, या शब्दाने टर उडवू लागले. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात लैंगिकतेवर परिषद भरली. पोर्नोग्राफीविरोधी स्त्रियांनी तिच्याविरुद्ध निदर्शने केली, तर त्यांचा जाच मानणाऱ्या गटाने 'पोलिटिकली इनकरेक्ट' हे विशेषण मिरवतच आपली वेगळी सभा घेतली. उजव्यांनी हे विशेषण पुढे छातीवर लावले, पण त्याचा बिल्ला आधी स्त्रीवाद्यांनी करून ठेवला होता.

दत्तकविधान झाले ते विद्यापीठांतील भांडणांमुळे. जानेवारी १९८७ मध्ये नागरी हक्कांचे नेते जेसी जॅक्सन यांच्या उपस्थितीत स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी मोर्चा काढून 'वेस्टर्न कल्चर' हा सक्तीचा अभ्यासक्रम हटवण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी तो बदलला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी थेट स्टॅनफर्डला जाऊन टीका केली. १९८७ मध्येच शिकागो विद्यापीठाचे ॲलन ब्लूम यांचे 'द क्लोजिंग ऑफ द अमेरिकन माइंड' आले. प्लेटो, रूसो आणि नीत्शे यांच्यावर प्रकरणेच्या प्रकरणे असलेले हे जड पुस्तक अमेरिकेत बेस्टसेलर झाले. तक्रार तयार होती, तिला नाव हवे होते. ते २८ ऑक्टोबर १९९० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील रिचर्ड बर्नस्टीन यांच्या लेखाने पुरवले, आणि डिसेंबरात 'न्यूजवीक'ने ऑर्वेलच्या कादंबरीतली 'थॉट पोलीस' मुखपृष्ठावर आणली. काही महिन्यांत चळवळीच्या चहापानातली आपसातली थट्टा देशभराचा आरोप बनली. तिच्यातला विनोद मात्र वाटेत सांडला.

या आरोपाला ग्रंथरूप देणाऱ्यांत एक मुंबईकर होता. दिनेश डिसूझा यांचा जन्म १९६१ साली मुंबईत, मूळच्या गोव्याच्या कॅथलिक कुटुंबात झाला. १९७८ मध्ये विद्यार्थी-विनिमय योजनेतून ते ॲरिझोनाला गेले, डार्टमथमध्ये शिकताना तिथल्या परंपरावादी विद्यार्थी-नियतकालिकात लिहू लागले आणि पुढे रेगन यांच्या व्हाइट हाउसमध्ये सल्लागार झाले. त्यांचे 'इलिबरल एज्युकेशन' १९९१ मध्ये आले. एरवी वेगळ्या असलेल्या तीन तक्रारी त्यांनी एका दाव्यात गुंफल्या : प्रवेशात वंशाला मिळणारे झुकते माप, अभ्यासक्रमातून जाणारे जुने ग्रंथ आणि बोलण्यावरचे नियम. त्यांतली एक न्याय्यतेची, एक वारशाची, एक स्वातंत्र्याची. तेव्हापासून परंपरावादी या तिन्ही गोष्टी एकाच श्वासात बोलतात.

स्वातंत्र्याची बाजू न्यायालयांत सर्वाधिक भक्कम ठरली. मिशिगन विद्यापीठात कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणारी पत्रके आणि विनोद पसरल्यावर १९८८ मध्ये नियमावली आली. वंश, लिंग, धर्म इत्यादींवरून कुणाला कलंकित करणारे बोलणे शिक्षेस पात्र ठरले. स्त्री-पुरुषांतील भेदांना जैविक आधार असतो का, याची वर्गात चर्चा केली तर आपण नियमात सापडू, अशी भीती मानसशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने कोर्टात मांडली आणि १९८९ मध्ये ती नियमावली रद्द झाली. त्याच्या पाठीशी उभी राहिली ती परंपरावाद्यांना एरवी नकोशी असणारी नागरी स्वातंत्र्य संघटना. याच विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात ४ मे १९९१ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पोलिटिकल करेक्टनेसवर भाषण केले. वंशद्वेष झाडून टाकण्याचा हेतू चांगला आहे, पण जुन्या पूर्वग्रहांच्या जागी नवे येत आहेत, असा त्याचा सूर होता. भाषण संयत होते. मात्र याच बुश यांनी दोन वर्षांपूर्वी, राष्ट्रध्वज जाळणे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यच आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला, तेव्हा तो मोडण्यासाठी घटनादुरुस्ती मागितली होती. न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांचे तसे नव्हते. परंपरावाद्यांचे हे आवडते न्यायाधीश १९८९ मध्ये ध्वज जाळणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले. १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात कृष्णवर्णीय कुटुंबाच्या अंगणात क्रूस जाळल्याचे प्रकरण आले, तेव्हाही शहराचा द्वेषविरोधी कायदा रद्द करणारे निकालपत्र त्यांनीच लिहिले. कृत्य निंद्य आहे हे त्यांनी नाकारले नाही. सरकारने वादात एका बाजूला हात बांधून लढायला लावू नये, हे त्यांचे तत्त्व होते. परंपरावादी विचारात ते तडीस नेणारे थोडेच.

कारण त्या विचारात दुसरेही एक स्वातंत्र्य आहे : खासगी संस्थेने आपला कारभार आपल्या मर्जीने करावा. दोन्हींची टक्कर कॅलिफोर्नियात झाली. राज्यघटनेतील अभिव्यक्तीची हमी सरकारला बांधते, खासगी विद्यापीठाला नाही. म्हणून रिपब्लिकन आमदार बिल लेनर्ड यांनी ती हमी खासगी विद्यापीठांनाही लागू करणारा कायदा १९९२ मध्ये संमत करून घेतला. त्याच्या जोरावर विद्यार्थ्यांनी स्टॅनफर्डची भाषा-नियमावली १९९५ मध्ये रद्द करून घेतली. स्टॅनफर्डचा बचाव असा होता की आपल्या आवारात काय चालावे हे ठरवणे हे विद्यापीठाचेच स्वातंत्र्य आहे. मालक आणि सरकार यांच्यातला हा युक्तिवाद एरवी परंपरावाद्यांनीच केला असता.

कायद्याच्या पलीकडला, आणि कदाचित अधिक खोल, मुद्दा अर्थशास्त्रज्ञ ग्लेन लाउरी यांनी १९९४ मध्ये मांडला. कोणतेही बंधन नसताना माणसे गप्प का बसतात? एखादा विषय नाजूक ठरला की सभ्य माणसे जपून बोलू लागतात. मग बेधडक बोलणारे उरतात ते बहुतेक दुष्ट हेतूचे. त्यामुळे नुसते तसे बोलणे हाच दुष्ट हेतूचा पुरावा ठरतो आणि उरलीसुरली सभ्य माणसेही तोंड मिटतात. शिक्षा करणारा कुणी नसतो आणि तरी सगळे नियम पाळतात. लाउरी स्वतः कृष्णवर्णीय आणि तेव्हा परंपरावाद्यांत गणले जाणारे. पण त्यांचे विश्लेषण कोणत्याही सोवळ्याला लागू पडते, मग ते डाव्यांचे असो की देवळातले.

न्याय्यतेचा धागा आणखी जुना आहे. वर्षानुवर्षे बेड्यांत जखडलेल्या माणसाला मोकळे करून शर्यतीच्या रेषेवर उभे केले म्हणजे न्याय झाला असे नाही, असे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन हॉवर्ड विद्यापीठात जून १९६५ मध्ये म्हणाले. परंपरावाद्यांचे उत्तर दोन अर्थशास्त्रज्ञांच्या दोन पुस्तकांत आहे. न्याय हा वागण्याच्या नियमांचा गुण आहे. कुणीही न ठरवलेल्या फळाला अन्याय्य म्हणण्याला अर्थ नाही, असे हायेक यांनी १९७६ मध्ये म्हटले. टॉमस सोवेल यांनी १९९९ मध्ये त्यात भर घातली : नशिबाने केलेली प्रत्येक विषमता दुरुस्त करायला जेवढी सत्ता सरकारला द्यावी लागेल, तीच मोठी विषमता ठरेल. न्यायालयातली लढाई 'बाकी' नावाच्या अर्जदाराच्या १९७८ च्या खटल्यापासून चालली. कॅलिफोर्नियातील डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयातील १०० पैकी १६ राखीव जागा त्यात रद्द झाल्या, पण वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून राहिला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये सरकारी विद्यापीठांतून तोही काढला, आणि २९ जून २०२३ रोजी हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभर तेच केले. डिसूझा यांनी १९९१ मध्येच वंशाऐवजी आर्थिक निकष सुचवला होता. महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला हा वाद नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

शब्द स्वतः मात्र वापरून झिजत गेला. १९९३ पासून त्याच्या उलट्या रूपाचे नाव घेऊन बिल मार यांचा टीव्हीवरील गप्पांचा कार्यक्रम चालला. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमान-हल्लेखोरांना भित्रे म्हणता येणार नाही, असे ते म्हणाले, जाहिरातदार निघून गेले आणि २००२ मध्ये कार्यक्रम बंद पडला. या वेळी दुखावलेले होते देशभक्त. ऑगस्ट २०१५ मध्ये क्लीव्हलंडच्या वादसभेत, स्त्रियांविषयीच्या अपशब्दांवर प्रश्न आला तेव्हा डोनाल्ड ट्रम्प यांनी, पोलिटिकली करेक्ट असणे हीच देशाची मोठी अडचण आहे, असे उत्तर दिले. स्कॅलिया यांनी निंद्य बोलण्यालाही संरक्षण दिले, पण ते निंद्य असल्याचे मान्य केले होते. ट्रम्प यांच्या उत्तरात ती मान्यता गळली.

आता त्याची जागा 'वोक' या शब्दाने घेतली आहे, आणि त्याचेही कूळ तेच. १९३८ मध्ये गायक लेड बेली यांनी अलाबामातून जाणाऱ्या कृष्णवर्णीयांना जागे राहण्याचा सल्ला देताना तो वापरला होता. पुढे तोही आपल्यातून परक्यांत गेला आणि शिवी झाला. त्याच्या विरोधात फ्लॉरिडातील परंपरावादी सरकारने २०२२ मध्ये कायदा केला आणि वंश व लिंगभेदाविषयीच्या काही मतांचा पुरस्कार करणारे सक्तीचे प्रशिक्षण नोकरीच्या ठिकाणी देण्यास बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. आधार तोच होता ज्यावर १९८९ मध्ये मिशिगनची नियमावली पडली : अभिव्यक्तिस्वातंत्र्य.