शंकरपट : विदर्भातील बैलजोड्यांची शर्यत

शंकरपट : खरिपाचे पीक घरात आल्यावर विदर्भात भरणारी बैलजोड्यांची वेगाची शर्यत. बोलीत तिला नुसते ‘पट’ म्हणतात. हलक्या दुचाकी छकड्याला जुंपलेली जोडी, ती हाकणारा धुरकरी आणि शेतात सरळ आखलेली धावपट्टी एवढ्यावर पट उभा राहतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याची काहिली लागेपर्यंत चालतो. अमरावती, यवतमाळ, वर्धा आणि नागपूरपासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत गावोगावी पट भरतात. काही गावांत ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे.

पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीशी पटाचे नाते जवळचे असले तरी रीत वेगळी आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत चढाच्या घाटात गाडा पळतो, पुढे घोडी धावते आणि प्रत्येक ‘बारी’ सेकंदांत मोजली जाते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे अनेक गाड्या एकाच वेळी सुटतात आणि तेथे मान खिल्लार बैलांना असतो. विदर्भातील पट सपाट जमिनीवर, कमी अंतराचा आणि झटक्यात आटोपणारा असतो. कुठे जोड्या एकेक करून पळवतात आणि वेळ मोजतात, कुठे दोन जोड्या शेजारच्या पट्ट्यांवर एकदम सोडतात. पूर्वी वेळ हातातल्या घड्याळावर मोजत आणि त्यावरून भांडणे ठरलेलीच असत. अलीकडे मोठ्या पटांत इलेक्ट्रॉनिक यंत्रे बसवतात, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत नोंद होते आणि निकालावरची कटकट पुष्कळ कमी झाली आहे.

पटाचे मूळ रोजच्या वाहतुकीत शोधावे लागते. विदर्भातील शेतकऱ्याकडे माल वाहणारी जड बंडी असे आणि माणसांच्या जाण्यायेण्यासाठी हलका छकडा किंवा छत असलेली दमणी असे. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात दूरवर नावाजलेला होता. तो बाजारात पोचवणारी वाहतूक बैलांच्याच मानेवर होती. हिंगणघाटच्या शेजारी समुद्रपूर तालुक्यातील जाम येथे नागपूरहून येणारा रस्ता फुटतो. एक फाटा हिंगणघाट, पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोरा, भद्रावतीवरून चंद्रपूरकडे. आज तेथे रात्रंदिवस ट्रकांची रांग असते. बंडीची जागा ट्रकने घेतली आणि छकड्याची मोटारसायकलने, तेव्हा छकडा फक्त पटासाठी उरला. त्याचा साटा गेला, बैठक आखडली, लाकूड बारीक झाले. पटाच्या छकड्यात आता चाके, आख, धुरा आणि धुरकऱ्याला जेमतेम टेकता येईल एवढी जागा यांपलीकडे काही नसते.

पटाच्या इतिहासात वर्धा जिल्ह्याचे स्थान विशेष आहे, ते तेथील गवळाऊ जातीमुळे. आर्वी, कारंजा (घाडगे) या तालुक्यांचा डोंगराळ आणि गवताळ पट्टा हे या गुरांचे माहेर. नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या भागांतही ती पसरली आहेत. नंदगवळी समाजाने पिढ्यानपिढ्या ती जोपासली. मराठ्यांच्या फौजांना डोंगरी मुलखात रसद चटकन हलवण्यासाठी चपळ बैल लागत आणि त्या गरजेतून ही जात घडली, असे गुरांच्या जातींवरील जुने ग्रंथ नोंदवतात. गवळाऊ बैल पांढरा किंवा राखी असतो. नराच्या मानेवर, वशिंडावर आणि मागच्या भागावर राखी छटा गडद होते. डोके लांबट आणि तोंडाकडे निमुळते, शिंगे आखूड व बोथट, अंग हलके आणि पाय कोरडे, सरळ असतात. तो दुडक्या चालीने मैलोगणती न थकता जातो. जड ओझ्याला इतर जाती सरस ठरतील, पण वेगाच्या कामात त्याची बरोबरी करणारा बैल मध्य भारतात विरळा. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या जतनासाठी शासकीय पशुपैदास प्रक्षेत्र आहे. संकरित दुधाळ गाईंच्या मागे लागल्यामुळे शुद्ध गवळाऊ कळप आटले. ही हानी केवळ पटशौकिनांची नाही, कोरडवाहू शेतीचीही आहे. पूर्व विदर्भात कठाणी ही लहान चणीची, काटक जात धानाच्या बांध्यांत राबते. मोठ्या पटांत मात्र खिल्लारसह बाहेरून विकत आणलेली जनावरेही उतरतात.

पट जिंकते जोडी, पण तिच्यामागे एक अख्खे घर उभे असते. मालक बहुधा शेतकरी असतो. चांगला गोऱ्हा ओळखणे ही त्याची खरी परीक्षा. दात पाहून वय ठरवतात : अदत, दोन दाती, चार दाती आणि शेवटी जुळलेला. मग छातीची रुंदी, खुरांची ठेवण, कातडीचा ताठपणा आणि डोळ्यातली तरतरी पाहतात. यानंतरचे काम अधिक कठीण, ते जोड जमवण्याचे. दोन वेगवान बैल एकत्र जुंपले म्हणजे वेगवान जोडी होतेच असे नाही. उंची जुळली पाहिजे, पावलांचा पल्ला जुळला पाहिजे आणि एक डाव्या अंगाला तर दुसरा उजव्या अंगाला पळण्यास राजी हवा. एकाने ओढले आणि दुसरा रेंगाळला की छकडा तिरपा होतो, आणि पट्टी सोडलेली जोडी बाद ठरते. म्हणूनच नावाजलेल्या एका बैलासाठी दुसऱ्या गावच्या मालकाचा बैल मागून आणतात आणि बक्षीस वाटून घेतात. अशा भागीदारीतून दोन घरांची सोयरीक व्हावी तशी दोस्ती जडते.

खुराकावर खर्च मोठा होतो. सरकी, ढेप, चण्याची चुणी, तुरीचे कुटार, कडबा हे नेहमीचे, हंगामात त्यात दूध, अंडी, गूळ, तूप यांची भर पडते. सकाळी मोकळे चालवणे, नदीच्या रेतीत किंवा नाल्याच्या कोरड्या पात्रात रिकाम्या छकड्यासह सराव, संध्याकाळी खरारा आणि पायांना मालिश असा दिनक्रम असतो. बैलाशी रोज बोलणारे माणूस घरात एखादेच असते, पुष्कळदा म्हातारे आजोबा किंवा शाळकरी पोर, आणि जोडी त्याच्याच आवाजाला वळते.

धावेच्या वेळी कामे वाटलेली असतात. रेषेवर दोघे-तिघे वेसण धरून जोडी थोपवून ठेवतात. बैल पुढचे पाय आपटत असतात, जू हलत असते. धुरकरी कासरा मुठीत घेऊन वाकून बसतो आणि इशारा होताच धरणारे बाजूला उडी घेतात. पहिल्या चार-सहा टापांत निकाल अर्धा लागलेला असतो, कारण अंतर थोडे आणि चूक सावरायला सवड नाही. छकडा हलका असल्याने प्रत्येक ढेकळावर उसळतो. शेवटच्या रेषेपलीकडे बैलांचा वेग ओसरावा म्हणून मोकळी जमीन सोडलेली असते. तेथे ओळखीची माणसे पुढे होऊन कासरा पकडतात आणि बैलांना थोपटत हळूहळू चालवत परत आणतात. धुरकऱ्याचे काम जोखमीचे आहे. छकडा उलटून हातपाय मोडल्याच्या घटना घडतात, आणि बिथरलेली जोडी गर्दीत शिरली तर प्रेक्षकांवरही बेतते.

अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासर येथील पट विदर्भात सर्वाधिक गाजलेल्यांपैकी आहे. कृषक सुधार मंडळ तो भरवते. तेथे महिलांचा स्वतंत्र पट होतो आणि शेतकरी घरांतील स्त्रिया स्वतः कासरा धरून जोड्या पळवतात. गोठ्यातील चारापाणी पिढ्यानपिढ्या स्त्रियाच पाहत आल्या, तेव्हा पट्टीवर त्यांना मिळालेली जागा उशिराने का होईना, हक्काचीच आहे. भंडारा जिल्ह्यात लाखनी तालुक्यातील पिंपळगाव (सडक) येथील पटालाही शतकाहून अधिक काळाची परंपरा असून तो वसंत पंचमीच्या सुमारास भरतो. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत पट म्हणजे दिवसा शर्यत आणि रात्री नाटक. पाहुणे मुक्कामी येतात, लेकीजावई बोलावले जातात, गावात मंडप पडतो आणि वडसा (देसाईगंज) येथील नाट्यकंपन्या रात्रभर प्रयोग करतात. झाडीपट्टी रंगभूमीला पैसा आणि प्रेक्षक मिळवून देण्यात पट आणि मंडई (गावजत्रा) यांचा वाटा मोठा आहे. पटाच्या निमित्ताने बैलबाजारही तेजीत येतो : जिंकलेल्या जोडीचा भाव त्याच संध्याकाळी चढतो, आणि बहुतेक मालकांना रोख बक्षिसापेक्षा या भावाचीच कमाई अधिक असते.

या खेळाची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. खिळा बसवलेली तुतारी टोचणे, शेपटी पिरगाळणे किंवा चावणे, डोळ्यांत तिखट घालणे, दारू पाजणे, विजेचा झटका देणे असे प्रकार निरनिराळ्या ठिकाणच्या शर्यतींत होत आले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चाच होता, पण ११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने प्रदर्शन व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलांचा समावेश केला आणि पटांवर गंडांतर आले. राज्यात बंदी लागू झाली, मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या खटल्यात तमिळनाडूतील जल्लीकट्टू हा बैलांचा खेळ आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोहोंना मनाई केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीस योग्य नाही आणि त्याला वेदना व भीती यांपासून मुक्त जगण्याचा हक्क आहे, असे त्या निकालाचे सूत्र होते.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून सूट दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने आठवडाभरातच स्थगित केली. २०१७ च्या आरंभी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी मोठे आंदोलन झाले आणि तमिळनाडूने कायद्यात दुरुस्ती केली. महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याच वर्षी दुरुस्ती संमत केली, तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, मात्र उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली आणि प्रकरण पुन्हा दिल्लीत गेले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या अधीन राहून महाराष्ट्रात शर्यतींना अंतरिम परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

बंदीची वर्षे छोट्या मालकांना फार जड गेली. बड्या शौकिनांनी जनावरे सांभाळली. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र न राबणारी आणि न पळणारी जोडी पोसणे परवडेना. त्याच काळात ट्रॅक्टरने नांगरट हातात घेतली होती. देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.७९ कोटी होती, ती २०१९ मध्ये सुमारे ४.७४ कोटींवर आली. ही घट मुख्यतः यांत्रिकीकरणाची असली, तरी गोऱ्हा वाढवण्याचे एक सबळ कारण पटबंदीने काढून घेतले होते, हेही खरे. पट पुन्हा सुरू झाला तेव्हा अनेक गावांत जुने धुरकरी थकले होते आणि नव्या पोरांना कासरा धरण्यापासून शिकवावे लागले.

सध्याच्या नियमांनुसार पटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. धावेचे अंतर एक हजार मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. विदर्भातील पट्टी त्याहून पुष्कळ आखूड असल्याने ही अट तेथे जाचत नाही. पशुवैद्यकाने बैल तपासून प्रमाणपत्र दिल्याशिवाय जोडी उतरवता येत नाही, काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका आणि उत्तेजक द्रव्ये यांना मनाई आहे. नियम मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अंमलबजावणी सर्वत्र सारखी नाही. जेथे आयोजक मंडळ कडक आहे तेथे हातात तुतारी दिसताच जोडी बाद करतात, आणि पट टिकवण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

बक्षिसांचे स्वरूपही पालटले. पूर्वी जेथे ढाल, भांडी किंवा थोडी रोख रक्कम मिळे, तेथे आता लाखांच्या रकमा, मोटारसायकली, क्वचित ट्रॅक्टरही ठेवले जातात. जोड्या पायी न येता पिकअप गाडीत गवताच्या अंथरुणावर उभ्या राहून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जातात आणि एकच जोडी एका हंगामात अनेक पट खेळते. मोठ्या रकमांमुळे महागडे बैल विकत घेणारे मालक पुढे आले आहेत. घरच्या गाईचा गोऱ्हा वाढवून उतरणाऱ्या शेतकऱ्यालाही जागा राहावी म्हणून अनेक मंडळे जोड्यांचे गट पाडतात आणि गावच्या जोड्यांसाठी वेगळी बक्षिसे ठेवतात.