आढ्याकडून उंबऱ्याकडे
(जुन्या इंग्लिश शेतघरांच्या अभ्यासाची प्रस्तावना)

जुने इंग्लिश शेतघर म्हटले की विटांचे भक्कम धुराडे आणि त्याखाली धगधगणारी शेकोटी डोळ्यांपुढे येते. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने ते धुराडे आधी मनातून पाडावे. केंट-ससेक्समधल्या पंधराव्या शतकातल्या खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरालाही ते सहसा नसे. मधला हॉल जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा, जमिनीवरच पेटलेली आगटी, आणि धूर छपरातून किंवा बिनकाचेच्या खिडक्यांतून वाट फुटेल तसा बाहेर.

म्हणून या घरांचा इतिहास वाचायचा तो माळ्यावर चढून. पुढच्या पिढ्यांनी हॉलमध्ये तक्तपोशी घातली, धुराडे बांधले, वर निजायच्या खोल्या केल्या. पण छपराच्या वाशांवरची काजळी पुसण्याची तसदी कोणी घेतली नाही. वासे कुठवर काळे आहेत हे पाहिले की मूळ हॉल कुठवर मोकळा होता ते कळते. एलिझाबेथकालीन लेखक विल्यम हॅरिसनने 1577 साली लिहिले आहे की, गावातल्या म्हाताऱ्यांना अलीकडे वाढलेल्या धुराड्यांचे नवल वाटे. आज आपण ज्याला जुनेपणाची खूण मानतो, ती त्यांच्या डोळ्यांदेखत आलेली नवलाई होती.

प्रत्यक्ष पाहायचे तर बेलीफ हे घर पाहावे. ते मूळचे केंटमधल्या चिडिंगस्टोनचे. बाऊ बीच जलाशयाच्या कामामुळे 1968-69 मध्ये ते सुटे करून काढले आणि ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभारले. मधे हॉल, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या, सगळ्यांवर एकच छप्पर. टोकांचे वरचे मजले पुढे झुकलेले असल्याने हॉलची दर्शनी भिंत आत गेल्यासारखी दिसते. समोरासमोरच्या दोन दारांमधून आडवी वाट. तिच्या एका अंगाला कोठीच्या खोल्या, दुसऱ्या अंगाला हॉल आणि त्यापलीकडे घरधन्याची खासगी खोली. ओकचा सांगाडा, त्यात कुडाच्या भिंती. कूड आणि शेणमातीचा गिलावा मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. गंमत अशी की हॉलचा भाग 1405 ते 1430 च्या दरम्यानचा, तर खासगी खोल्यांचे टोक 1505-10 च्या सुमाराचे. ‘हे घर कधीचे?’ या प्रश्नाला एका सालात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ही साले ठरवायला झाडच साक्ष देते. ओक ओला असतानाच घडवत, त्यामुळे सालीलगतचे शेवटचे वलय सापडले की तोडीचे वर्ष मिळते आणि बांधकाम त्याच्या आसपासचे धरता येते. सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवत आणि सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरून मग उभा करत. त्या खुणा अजून वाचता येतात. तुळईवर रिकामी खाच दिसली की ‘हे जुन्या जहाजाचे लाकूड’ अशी दंतकथा हमखास ऐकू येते. बहुतेक वेळा ती खाच त्याच घराच्या काढून टाकलेल्या भिंतीची असते, नाहीतर मोडलेल्या दुसऱ्या एखाद्या घराची.

मोठा वाद मात्र सालांचाच आहे. 1570 ते 1640 या काळात खेडोपाडी घरांची सर्रास पुनर्बांधणी झाली, असे इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी 1953 मध्ये मांडले. आर. मेचिन यांनी 1977 मध्ये साले कोरलेल्या घरांचा आधार घेऊन ही लाट अठराव्या शतकापर्यंत पोचवली. प्रस्तुत लेखकाचे मत मेचिन यांच्याकडे झुकते. डेव्हनची दगडी घरे आणि केंटची लाकडी घरे एकाच घड्याळावर चालली असतील हे पटत नाही. तरीही वाचकाने सुरुवात हॉस्किन्सपासूनच करावी, कारण त्यांनी प्रश्न विचारला नसता तर शेतकऱ्याच्या घराचा इतिहास राजवाडे आणि चर्चच्या सावलीतच राहिला असता.